धोंड्याच्या महिन्यातला जावई

प्रथम क्षमा मागते. आत्मकथन लिहावे असे माझ्या हातून काही घडलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींचे निबंध तपासले, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि स्वतःचे एक पानही लिहिले नाही. आता, ज्या वयात माणसे चष्मा शोधण्यात सकाळ घालवतात त्या वयात, हे धाडस करते आहे. त्यातून माझे आडनाव लियू. ते वाचून कुणी दूरदेशीच्या हकिकतींची अपेक्षा धरली तर त्याची निराशाच होईल, कारण चीन मी नकाशाखेरीज कुठे पाहिलेला नाही. मी जन्मले कळंबला, वाढले कळंबला, आणि ज्या प्रसंगाबद्दल मला लिहायचे आहे तोही निजामाच्या अमलात, कळंबच्या एका भाड्याच्या घरात, एका कोंबड्यामुळे घडला. विषय इतका क्षुल्लक आहे याबद्दलही क्षमा असावी.

माझे वडील दातांचे डाक्टर होते. हुबेई प्रांतातल्या त्यांच्या गावी शेती थोडी आणि पूर फार, म्हणून तिथले पुरुष दात काढण्याची हत्यारे लाकडी पेटीत घालून जग फिरायला निघत. बा कलकत्त्याला उतरले, आणि निजामाच्या मुलखात लोक पान-तंबाखू भरपूर खातात पण दातांचा डाक्टर शोधून सापडत नाही, असे कुणीसे सांगितल्यावरून इकडे आले. (आम्ही वडिलांना बा आणि आईला मा म्हणत असू. शेजारच्या काही घरांतही वडिलांना बाच म्हणत, त्यामुळे सगळ्या जगात हेच शब्द चालतात असा माझा बराच काळ समज होता.) दुकानाच्या पाटीवर एक उघडे तोंड रंगवलेले होते. ते रंगवणाऱ्याने त्याआधी फक्त देवळाच्या भिंतीवरचे राक्षस काढलेले असल्यामुळे, बाजाराला आलेली लहान मुले पाटी पाहून रडत आणि मोठी माणसे दातदुखी अजून थोडी सोसावी असा विचार करून परत फिरत. पाटीवर वर उर्दू, खाली मराठी आणि कडेला उभ्या ओळीत चिनी मजकूर होता. ती ओळ आम्हा तिघांखेरीज कुणालाही वाचता येत नसे, तरी बा दर दिवाळीला तिला न चुकता नवा रंग देत.

बांना मराठी रोग्यांनी शिकवली. ‘तोंड उघडा’, ‘थुंका’, ‘दुखतंय का’, ‘उद्या या’ एवढ्या भांडवलावर त्यांनी कळंबात संसार केला. भाजीवालीला ते ‘उद्या या’ म्हणत आणि ती खरोखरच दुसऱ्या दिवशी येत असे. एकदा तहसीलदारसाहेब सहज दुकानात डोकावले, तेव्हा गडबडून बा त्यांनाही ‘तोंड उघडा’ म्हणाले, आणि साहेबांनी ते उघडले. बाजाराच्या दिवशी ढोकी-तेरपासूनची माणसे गालाला फडके बांधून ओसरीवर रांगेने बसत. दात कोरायचे यंत्र बा पायाने चालवत, त्याची घरघर, रोग्यांचे कण्हणे, शेजारी आडतीत धान्य मापणाऱ्याचा लांबलचक स्वर आणि दुपारची अजान, या चार आवाजांत माझे बालपण गेले. लवंगेच्या तेलाचा वास आजही कुठे आला तर मी नकळत तोंड मिटते.

घर गौराक्कांचे होते. त्या लिंगायत, विधवा, कपाळभर विभूती लावणाऱ्या आणि शब्दाच्या पक्क्या होत्या. घर देतानाच त्यांनी बांना सांगितले होते, “हे बघा डाक्टर, अंडं, मटण, मासळी उंबऱ्याच्या आत आली की तुम्ही उंबऱ्याच्या भाईर.” बा तिथल्या तिथे वाकून कबूल झाले. ती अट ऐकून माच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात, परंतु पुढे तिने त्या अटीतही एक स्वयंपाक उभा केला. मुगाच्या पिठाची थरथरती वडी, लसणाची तिखट फोडणी घातलेले गव्हाच्या पिठाचे, शेवयांसारखेच पण जाड आणि लांब शेवळे, जोंधळ्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे. हे गोळे कधीच फुगले नाहीत, आणि मा दर आठवड्याला नव्या आशेने ते झाकण उघडून पाही. उन्हाळ्यात गौराक्कांच्या शेवया आणि माचे शेवळे अंगणात एकाच बाजेवर वाळत. एका वर्षी ते एकमेकांत मिसळले. गौराक्कांच्या पाहुण्यांना दुधात शिजलेले आमचे खारट शेवळे मिळाले आणि आम्हाला मिरी घातलेल्या त्यांच्या शेवया. दोन्ही घरांनी निमूटपणे खाल्ले, कारण दोन्ही घरांत अन्नाला नाव ठेवण्याची चाल नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. मी एकुलती एक, आणि मुलगी. आमच्या भिंतीवर पूर्वजांच्या नावांचा एक लाल कागद होता. त्यापुढे बा रोज उदबत्ती लावत आणि कागदाच्या तळाशी राहिलेल्या मोकळ्या जागेकडे पाहत. त्या जागेवर मुलाचे नाव यायचे असते. मुलगा नसेल तर जावई घरी आणायचा, त्याने सासऱ्याचे आडनाव लावायचे, पूर्वजांपुढे वाकायचे, दुकान चालवायचे, अशी आमच्याकडची रीत. तो जावई बांनी केव्हाच ठरवलेला होता. त्यांच्याच गावचा, दात काढायला शिकत असलेला, फाङ नावाचा मुलगा. मी त्याला पाहिले नव्हते आणि त्याने मला. तो यायचा होता, पण तेवढ्यात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, वाट बंद झाली, आणि फाङ तिकडेच राहिला.

त्याच सुमारास मी कळंबच्या शाळेची तहतानिया, म्हणजे प्राथमिक परीक्षा, वरच्या नंबराने उतरले. आमच्या उस्तानीबी, म्हणजे शाळेच्या बाई, सकीनाबी त्यांचे नाव, पान खाणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या आणि भिडस्तपणा अजिबात नसलेल्या होत्या. मी तोंडातल्या तोंडात वाचत असे, आणि त्या वर्गात ओरडत, “ऐ मेई, किताब कू सुनाती क्या हमना कू?” त्यांनी स्वतः खटपट करून धाराशिवला मुलींच्या शाळेत आणि राहण्याच्या जागेत माझी सोय लावली, आणि एक दिवस दुकानात येऊन बांना तसे सांगितले. बा त्यांना ‘उद्या या’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी जेवताना आमच्या भाषेत म्हणाले की मुलगी एकदा गावाबाहेर गेली की घर तिच्या मनातून जाते, म्हणून आधी लग्न लागेल, आणि लग्न लागलेली मुलगी घरात राहून नवऱ्याची वाट पाहील व दात काढायला शिकेल. मी मान खाली घातली. मला धाराशिवला जायचे होते, परंतु आमच्या घरात मुलीने मान वर करून काही म्हणायची पद्धत नव्हती आणि मला तशी हिंमतही नव्हती. मा हळूच म्हणाली, “नवरा कुठे आहे?” बा म्हणाले, “कोंबडा आणतो.”

वाचकांना हे विचित्र वाटेल म्हणून सांगते, की बांच्या गावाकडे ही जुनी आणि सर्वमान्य सोय होती. नवरदेव दूर अडकला असेल तर त्याच्या जागी एक धडधाकट कोंबडा उभा करायचा, त्याच्या गळ्यात लाल फीत बांधायची, त्याला पूर्वजांपुढे वाकवायचे, की लग्न लागले. पुढच्या बाजाराला बा कोंबडा आणायला गेले. मीही पिशवी धरायला बरोबर होते. पाहिलेल्या प्रत्येक कोंबड्याची चोच ते उघडून आत बघत, आणि दरवेळी त्यांचा चेहरा थोडा उतरे. शेवटी कोंबडीवाला म्हणाला, “डाक्टर, ह्याला दात न्हाईत. कुणालाच न्हाईत.” बांनी एक मोठा, तांबड्या तुऱ्याचा, रागीट नजरेचा कोंबडा निवडला आणि कोटाखाली लपवून घरी आणला. दातांचे साचे काढायच्या प्लास्टरच्या पोत्यांमागे तो दुपारभर गप्प राहिला. पहाटे तो आरवला.

लिंगायतांच्या त्या आळीत त्याआधी कधी कोंबडा आरवला नव्हता. गौराक्का इष्टलिंगाची पूजा अर्धी टाकून, ओलेत्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. “डाक्टर! माझ्या घरात कोंबडं?”

बा पुढे झाले. “खायचं न्हाय, अक्का. खायचं न्हाय.”

“मग काय पुजायचं हाय व्हय?”

बांनी शब्द शोधला, सापडला. “जावई हाय.”

गौराक्कांनी माच्या तोंडाकडे पाहिले. माने अंगणातल्या बाजेवर बसून, हातवाऱ्यांनी आणि तिच्या तुटक मराठीत, सगळी रीत समजावली. फाङ, युद्ध, बंद वाट, लाल कागद. गौराक्का ऐकून घेत राहिल्या. मला वाटले आता आमचे सामान रस्त्यावर येणार. पण त्या उठल्या, आत जाऊन कोंबड्याकडे बराच वेळ निरखून पाहिले, आणि म्हणाल्या, “जावई हाय, तर त्याला पोत्यामागं कशापायी डांबलाय? लोक काय म्हणतील? पाट मांडा.” आणि मग कपाळावर हात मारून घेतला. “पर आत्ता धोंड्याचा महिना चाललाय! धोंड्याच्या महिन्यात लगीन? माझ्या घरात न्हाय व्हायचं. महिना सरू द्या.”

अधिक महिन्यात लग्न लागत नाही, ही गोष्ट बांच्या पंचांगात नव्हती, पण घर गौराक्कांचे होते. बांनी मान तुकवली. मला महिन्याची मुदत मिळाली म्हणून आनंद झाला. पण त्या महिन्यात लग्न लागत नसले तरी जावयाचा मान मात्र असतो, आणि तो न केल्यास दोष लागतो, हे मला ठाऊक नव्हते. गौराक्कांना पक्के ठाऊक होते. त्यांना मुलगी नव्हती, त्यामुळे जावईही नव्हता. आयुष्यभर ज्याला अनारसे द्यायला मिळाले नाहीत, तो अखेर पिसे लावून त्यांच्या घरी आला होता.

कोंबडा पाटावर बसू लागला. पुरणाचे धोंडे, तुपाची धार, अनारसे, सगळे त्याच्यापुढे येई, आणि तो पायाने विखरून खाई. गौराक्का म्हणत, “जावई बाई ह्यो, नखरा करणारच.” माने वाफवलेल्या गोळ्यांत पुरण भरून पाहिले, आणि त्या महिन्यात ते पहिल्यांदा फुगले. त्याला फाङ हे नाव दिलेले होते, परंतु मी ते उच्चारलेले गौराक्कांना खपत नसे. “नवऱ्याचं नाव घेती व्हय गं? ‘ते’ म्हण.” तेव्हापासून मी “ते माळ्यावर चढलेत”, “त्यांनी कापसात घाण केली” असे म्हणू लागले. ते खोलीत आले की मला उठून उभे राहावे लागे, आणि डोक्यावरून पदर घ्यावा लागे. मी परकर-पोलक्यातली मुलगी, मला पदर कुठून असणार? गौराक्कांनी एक जुने फडके दिले. उर्दूचा धडा घोकत असताना मी दर दहा ओळींनी उठत असे, कारण त्यांना येरझारा घालायची सवय होती. दुकानात तर ते रोग्यांच्या पायांना चोच मारत. खुर्चीत तोंड उघडून बसलेला एक म्हातारा कळवळून म्हणाला, “डाक्टर, जावई लई तापट हाय की!” ओसरीवरून दुसरा म्हणाला, “जावईच त्यो. गरीब असला तर नवल.” कळंबात जाता-येता माणसे आत डोकावून “रामराम जावईबापू” म्हणत. कुणी हसत नसे, ही त्यातली सर्वांत कठीण गोष्ट होती. मलाही मग हसू आले नाही. एखादी गोष्ट सगळे गाव गंभीरपणे करू लागले म्हणजे ती खरीच होत जाते, हे मी नंतर वर्गात, दफ्तरात आणि लग्नमंडपांतही पाहिले. पण पहिल्यांदा पाहिले ते तिथे, डोक्यावर फडके घेऊन.

महिना सरला. लग्नाचा दिवस आणि धाराशिवच्या शाळेत नाव घालण्याचा शेवटचा दिवस एकच निघाला. धाराशिवला जाणारी सर्व्हिस मोटार दुपारची होती. बांनी सकाळीच लाल मेणबत्त्या लावल्या. माने मला लाल कापडाचा सदरा शिवला होता. वाकणे पुरे झाले की मी घरची, मग मोटार गेली काय आणि राहिली काय. माझी पेटी उस्तानीबींच्या सांगण्यावरून आदल्या दिवशीच भरून कोपऱ्यात ठेवलेली होती, आणि तिच्यावर आता पाहुण्यांसाठी पानाचे तबक मांडलेले होते.

उस्तानीबी मला न्यायला म्हणून आल्या आणि समोरचा थाट पाहून उंबऱ्यातच थांबल्या. गौराक्कांनी त्यांना हाताला धरून बसवले. “या बाई. पोरीकडचं माणूस पायजेच.” उस्तानीबींनी कोंबड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, तोंडातले पान एका गालातून दुसऱ्यात नेले आणि विचारले, “डाक्टरसाब, लडकी कू पूछे क्या?”

बांना प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, प्रश्न कळला नाही. “काय पुसायचं?”

“यही, की कबूल है क्या. पूछे बगैर कैसा होता निकाह?”

“पुसायची रीत न्हाय,” बा म्हणाले.

“आमच्यात बी कोण इचारतंय,” गौराक्का म्हणाल्या. “पर इचारलं तर काय बिघडतंय? इचारा की डाक्टर. मला बी ऐकायचंय.”

बा गोंधळले. दोघी बायका एका बाजूला झाल्यावर त्यांना नाही म्हणवत नसे. “आधी कुणाला?” त्यांनी विचारले.

उस्तानीबींनी दोन्ही हात पसरले. “दोनों कू! लडकी चुप रही तो चलता. शरम के मारे बोलती नै, हौ समझ लेते. दूल्हे कू मगर मुँह से बोलना पडता.” असे म्हणताना त्या बांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या.

माझी गप्प राहण्याची सवय सगळ्या कळंबला माहीत होती, आणि आता ती सवयच माझे उत्तर ठरणार होती. भिडस्त माणसाच्या मौनाचा अर्थ नेहमी दुसरेच लावतात, आणि तो त्यांना सोयीचा असतो.

पुरुषाचा मान पहिला म्हणून बांनी कोंबड्याला आधी विचारले. पाहुण्यांनाही समजावे म्हणून मराठीत विचारले. ते पाटासमोर बसले, कंठ साफ केला आणि म्हणाले, “फाङ. कबूल का?”

कोंबडा सकाळपासून पुरण खात होता. त्याने एक डोळा मिटला. महिनाभर पहाट, दुपार, माझा अभ्यास, गौराक्कांची पूजा, काही न बघता आरवलेला तो प्राणी त्या क्षणी दगडासारखा बसून राहिला. बांनी पुन्हा विचारले. मग सवयीने त्यांच्या तोंडून गेले, “तोंड उघडा.” त्याने दुसराही डोळा मिटला.

“नै बोल्या,” उस्तानीबी म्हणाल्या.

“झोपलाय बिचारा,” गौराक्का म्हणाल्या. “आता पोरीला इचारा.”

बा माझ्याकडे वळले. त्यांनी मला याआधी कधीही काही विचारलेले नव्हते, त्यामुळे कसे विचारायचे ते त्यांना सुचेना. मेणबत्तीचे मेण खाली गळत होते. शेवटी ते अगदी हलक्या आवाजात, खुर्चीत बसलेल्या रोग्याला विचारावे तसे म्हणाले, “मेई. दुखतंय का?”

मी मान हलवली असती तर ती कशीही धरता आली असती. म्हणून मी तोंड उघडले. “मला धाराशिवला जायचंय,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ओसरीवरचे रोगी आत वाकून पाहू लागले. “मला शिकायचंय, बा. मला हे कबूल न्हाय.”

आणि तेव्हा कोंबडा आरवला. मान उंच करून, पंख झटकून, आढ्याला धक्का बसेल असा.

“अब बोल्या!” उस्तानीबींनी गुडघ्यावर थाप मारली. “अब बखत गया मियाँ!”

गौराक्का हसू लागल्या, मग पदर तोंडाला लावून थांबल्या, कारण बा उठून लाल कागदापुढे जाऊन उभे राहिले होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. आडतीतला मापाचा स्वर तेवढा ऐकू येत होता. मला वाटले, मी माझ्या वडिलांचे नाव पुसले. मा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पण तिने मला हात लावला नाही.

मग बा पाटाकडे आले, कोंबड्याला दोन्ही हातांनी उचलले, कागदापुढे नेले आणि त्याची मान तीनदा वाकवली. एकट्याचीच. वळून त्यांनी सर्वांना सांगितले, “जावई न्हाय. मुलगा. लियू.” थोडे थांबून, अधिक स्पष्ट आवाजात त्यांनी पुढचा शब्द म्हटला, “थोरला.”

“थोरला?” गौराक्का म्हणाल्या. “आवो डाक्टर, ही पोरगी एवढी वाढली, अन् ह्यो तर अंड्यातून भाईर येऊन वरीस न्हाय झालं!”

“थोरला,” बा म्हणाले.

माने श्वास सोडलेला मी ऐकला. तिनेच मग गौराक्कांना समजावले. आडनाव लावून एकटाच जो पूर्वजांपुढे वाकतो, तो दत्तक मुलगा होतो. उदबत्ती, दुकान, आईबापांचे म्हातारपण, हे सगळे थोरल्या मुलाकडे जाते. धाकट्या बहिणीने त्याला मान द्यायचा, बाकी तिच्यावर काही नसते.

गौराक्कांनी सगळे नीट मनात घोळवले. “मग घरात थोरला असताना हिला कशाला डांबताय?” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या की.”

बांनी पेटीवरचे पानाचे तबक उचलून बाजूला ठेवले आणि उस्तानीबींना एवढेच म्हणाले, “मोटार.”

मी धाराशिवला गेले, शिकले आणि शिकवत राहिले. सुटीत कळंबला आले की आधी थोरल्या भावाला वाकून नमस्कार करावा लागे. तो माझ्याकडे तिरक्या नजरेने पाही. दुकान पुढे कोण चालवणार असे कुणी विचारले, की बा कोंबड्याकडे बोट दाखवत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा हसण्याची खूणही नसे. कोंबडा म्हातारा होऊन गेला, त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवले. युद्ध संपले तरी फाङ आला नाही, आणि बांनी दुसरा जावई कधी शोधला नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही पुढे एक शब्दही बोललो नाही. मी विचारले नाही, कारण मी भिडस्त होते, आणि बांनी सांगितले नाही, कारण तेही होते. आता विचारायला कुणी उरलेले नाही, म्हणून तुम्हाला विचारते. तो कोंबडा आपला थोरला मुलगा झाला असे बांना खरेच वाटत होते, की मोटार सुटण्याआधी मला जाऊ देण्यासाठी त्यांना तेवढी एकच वाट सापडली होती? तुम्हाला काय वाटते?